मदत हवी आहे: कॉकर स्पॅनियलला फेझंटच्या हाक्याला न्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात, नॉर्थ यॉर्कशायरमध्ये राहतो. आमची वर्किंग कॉकर (शिकारीच्या कामासाठी पैदास केलेली कॉकर स्पॅनियल) चिंगी आता सव्वा वर्षाची आहे. जवळच्या इस्टेटीवर फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचं शूट, म्हणजे शिकार, चालते. तिथल्या गेमकीपरने (शिकारीचे पक्षी आणि रान सांभाळणाऱ्याने) 'नोव्हेंबरात हाकाऱ्यांच्या रांगेत ये, कुत्रीलाही आण' असं बोलावलंय. माझी जायची जाम इच्छा आहे, पण चिंगीचा भरवसा वाटत नाही. इथे कुणी गनडॉगवाले (शिकारीची कुत्री तयार करणारे) असतील तर सांगा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बंदूकवाले रानाबाहेर आपापल्या ठरलेल्या जागी ओळीने उभे राहतात. हाकारे झेंडे फडकवत, काठ्या आपटत रान उठवत येतात आणि पक्षी बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून उडतात. आपल्याकडच्या जुन्या हाक्यासारखंच, वाघाच्या जागी फेझंट. हाकाऱ्यांबरोबर स्पॅनियल असतात. काटेरी जाळीत घुसून दडलेला पक्षी उठवायचा, हे त्यांचं काम. पडलेला पक्षी आणायला मागे बहुतेक लॅब्रॅडोर. त्यातही जखमी होऊन पळालेल्या पक्ष्याचा माग काढून तो तोंडात अलगद धरून आणणं, ही खरी परीक्षा. पॉइंटर आणि सेटर जातीची कुत्री जास्त करून ग्राउस पक्ष्यांच्या माळांवर. वास लागला की जागीच थिजतात आणि मालक येईपर्यंत हलत नाहीत. विझला किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर या जाती उठवणं, आणणं, थिजून दाखवणं ही तिन्ही कामं करतात. आपला कारवान कुत्रा डोळ्याने हेरून पळत गाठणारा. इथे सगळा कारभार नाकाचा.

चिंगीचं नाक उत्तम आहे, बंदुकीच्या आवाजाला ती दचकत नाही. डमी (पक्ष्याऐवजी सरावाला वापरायची वळकटी) फेकली तर शिट्टीवर टुणकन बसते. घोळ जिवंत पक्ष्याचा आहे. परवा नेचाच्या झुडपात तिची शेपटी गरगर फिरायला लागली, तेव्हाच मी ओळखलं. पायाखालून फेझंटचा नर फडफडत उठला, मी शिट्टी मारली. बूड जमिनीला टेकतंय न टेकतंय तोच तो 'कॉक-कॉक' ओरडला आणि बाई कुंपणापार! नंतर जीभ बाहेर काढून आनंदाने परत.

तर प्रश्न असे: रांगेत लांब दोरी बांधून नेलं तर चालेल का? की हा सीझन सोडून द्यावा? फेझंटचा सीझन १ फेब्रुवारीला संपतो, म्हणजे पुढची संधी थेट पुढच्या ऑक्टोबरात. एकाने शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) सुचवली. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे, आणि नसती तरी मला ती नकोच.

शिकार योग्य की अयोग्य यावर कृपया वेगळा धागा काढा.

प्रतिसाद १

अजिबात नेऊ नका. ड्राइव्हच्या (एका हाक्याच्या) शेवटी पक्षी रानाच्या कडेला गोळा होतात आणि तिथून ते थोडे थोडे उठवायचे असतात. तुमची चिंगी त्यांच्यात घुसली तर सगळा थवा एकदम उठेल. बंदूकवाले दोन काडतुसं झाडून रिकाम्या नळीने वर बघत बसतील आणि गेमकीपर तुम्हाला परत बोलावणार नाही. त्याहून वाईट म्हणजे पाठलागाची चटक लागली की शिट्टी तिच्या लेखी गेलीच.

दोरी तर नकोच. जाळीत अडकते. जाणकार लोक दाट झाडोऱ्यात गळपट्टासुद्धा काढून ठेवतात, तो याच भीतीने.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण सीझन वाया घालवू नका. हाक्याला तुम्ही एकटे जा, झेंडा घेऊन. चिंगीसाठी पिकिंग-अप करणाऱ्या (पडलेले पक्षी कुत्र्यांकडून गोळा करणाऱ्या) कुणाला तरी विचारा. बंदुकांच्या बऱ्याच मागे, पट्टा बांधून, त्यांच्या वयस्क कुत्र्याशेजारी तिला बसवा. पक्षी पडताना बघायचं आणि काही करायचं नाही, एवढाच धडा.

घरी डमी आणायला दर वेळी पाठवू नका. बहुतेक वेळा ती बसलेली असताना तुम्हीच चालत जाऊन उचला. मग तिच्या नाकासमोरून टेनिस बॉल घरंगळत सोडा आणि शिट्टी मारा. बसली तर तो बॉल उचला आणि दुसरा तिच्या पाठीमागे फेकून आणायला सांगा. पळणाऱ्या वस्तूकडे पाठ फिरवल्यावर बक्षीस मिळतं, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. हे जमल्यावर ट्रेनरकडच्या सशांच्या कुंपणात न्या, तिथे ससे खरे असतात पण लांब पळू शकत नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गेमकीपरला आजच कळवतो की मी येतोय, कुत्री नाही. एक राहिलं: आमची शिट्टी २१०.५ ची आहे (हा शिट्टीच्या स्वराचा नंबर), लॅब्रॅडोरवाले २११.५ वापरतात. बदलून फरक पडेल का?

प्रतिसाद २

नाही. आहे तीच ठेवा, आणि ती हरवली तर तोच नंबर घ्या. म्हणून दोन घेऊन ठेवा.