घरच्या पीसीसाठी यूपीएस: ६०० व्हीए पुरेल की ११०० घ्यावा? (इंदिरानगर, नाशिक)

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. सेटअप असा आहे: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, ६५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), २४ इंची दोन मॉनिटर, दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवायचा डबा), फायबरचा ओएनटी (फायबरचा मोडेम) आणि एक वायफाय राउटर. काम व्हिडिओ एडिटिंगचं. घरात ८५० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह (मेन्ससारखी गोलसर नाही, चौकोनी लाट देणारा) इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. पीसीचा पॉइंट त्याच लाइनवर आहे, तरी लाइट गेली की पंखे-दिवे चालू राहतात आणि पीसी मात्र रिस्टार्ट होतो. मे अखेरीस वारा सुटला की संध्याकाळी दोन-तीनदा हे ठरलेलं, आणि नॅस दर वेळी डिस्क तपासत बसतो. दुकानदार म्हणतो ६०० व्हीए भरपूर झाला. बजेट ८,००० पर्यंत. काय घ्यावं? आणि लाइट गेल्यावर तासभर काम चालू ठेवता येईल का?

गोदाकाठ:
आधी रिस्टार्टचं कारण. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असा खटका असतो, तो बघा. इकोवर असेल तर मेन्सवरून बॅटरीवर यायला २० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंदच दम धरतो. पंख्याला हा खंड कळतसुद्धा नाही, पीसी मात्र बसतो. खटका यूपीएसवर केला की बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो. पण मग इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली मेन्स घेत नाही, त्यामुळे लाइट डिम झाली तरी तो बॅटरीवर जातो. शिवाय स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (मेन्सच्या लाटेबरहुकूम वीज ओढणारा) एसएमपीएस चालवत राहणं बरं नाही, आणि ब्रॉन्झ ६५० म्हणजे तो बहुधा अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचाच.

आता आकडे. व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) बघून यूपीएस घेऊ नका, वॉट बघा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॉट, ११०० व्हीएचा ६६० वॉट. तुमचा पीसी दोन मॉनिटरसकट साध्या कामाला १२० वॉटच्या आसपास खाईल, रेंडर चालू असताना ३२०-३३०. म्हणजे ६०० व्हीए जेमतेम काठावर. ग्राफिक्स कार्ड क्षणभर उसळी मारतं आणि नेमक्या त्याच क्षणी लाइट गेली, तर यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद. यूपीएस असूनही काम गेलं, असं म्हणायची वेळ बहुतेकदा अशीच येते.

६०० व्हीएमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास, पण इतक्या जोरात ओढली की निम्म्याहून कमीच हाती येते. १५० वॉटवर नवी असताना सुमारे १० मिनिटं. दोन बॅटऱ्यांच्या हजार-अकराशे व्हीएला १२० वॉटवर २५-३० मिनिटं, रेंडरवर ६-८. वर्षभराने यातली चौथाई वजा धरा. एवढ्या वेळात काम सेव्ह करून मशीन नीट बंद होतं, आणि यूपीएसकडून अपेक्षा तेवढीच ठेवायची. तासभर बसायचं असेल तर तो इन्व्हर्टरचा प्रांत.

माझं मत: १००० व्हीए/६०० वॉट, लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर बॅटरीवर न जाता सावरणारा), साइन वेव्ह (मेन्ससारखी गोलसर लाट) आउटपुट. बजेटमध्ये साइन वेव्ह बसत नसेल तर साधा ११०० घ्या, पण परत करायच्या मुदतीतच तपासा. आठ तास चार्ज करा, फाइल सेव्ह करून रेंडर लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका, उपसला की अर्थिंगही सुटतं. बटणाने फक्त फेज तुटतो. असं पाच वेळा करा. एकदाही पीसी रिस्टार्ट झाला किंवा यूपीएस ओव्हरलोडचा सलग सूर लावून किंचाळला तर ते मॉडेल तुमच्या एसएमपीएसला झेपत नाही. ऑनलाइन यूपीएसमध्ये (तो कायम स्वतःच्या इन्व्हर्टरमधूनच वीज देतो) खंड शून्य असतो, पण पंखा दिवसभर घोंघावतो आणि वीजही सतत खातो. घरी गरज नाही.

फ्यूजवायर:
राउटर आणि ओएनटी मोठ्या यूपीएसवर टाकायची घाई करू नका. दोन्ही मिळून १५-१८ वॉट खातात, पण यूपीएस त्यासाठी १२ व्होल्ट डीसीचं २३० एसी करतो आणि अ‍ॅडॉप्टर पुन्हा १२ डीसी. निम्मी बॅटरी या फेऱ्यातच जाते. त्यापेक्षा १२ व्होल्टचा मिनी डीसी यूपीएस घ्या, प्रत्येकाला एक. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा (काही राउटर ९ व्होल्टचे असतात), आणि पिनचं माप बघा: बाहेरून ५.५ मिमी बहुतेकांचं, आतलं २.१ की २.५ ते महत्त्वाचं. २.५ ची पिन २.१ च्या राउटरला सैल बसते आणि धक्का लागला की नेट जातं. डब्यावर ८,००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ३० वॉट-तासही नाही. ९ वॉटच्या राउटरला अडीच तास धरा.

नॅसची यूएसबी वायर विसरू नका. यूपीएस घेतानाच यूएसबी पोर्ट आहे का ते बघा, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना नसतो. वायर नॅसला लावा, नॅसमध्ये नेटवर्क यूपीएस सर्व्हर सुरू करा आणि पीसीवर एनयूटीचा (नेटवर्क यूपीएस टूल्स, फुकटचं सॉफ्टवेअर) क्लायंट टाका, म्हणजे एका वायरीत दोघं बंद होतात. पण तो निरोप राउटरमधून जातो, म्हणून राउटर जिवंत हवाच. एवढी खटपट नको असेल तर वायर पीसीला लावा. विंडोजला यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. पॉवर ऑप्शन्समध्ये क्रिटिकल लेव्हल ५ टक्क्यांवरून ४० वर आणा आणि कृती हायबरनेट ठेवा. ५ टक्क्यांची वाट बघत बसलात तर जुनी बॅटरी त्याआधीच मान टाकते.

अंबडकर:
लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. त्याचा फ्यूजर तापताना पाचशे ते हजार वॉट ओढतो.

अर्थिंग तपासल्याशिवाय कुठलाच यूपीएस लावू नये. पीसीच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, २-३ व्होल्टच्या आत हवं. पीसीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिणतं, तिथे अर्थ तुटलेलाच असतो. आपल्याकडे वीतभर मातीखाली काळा कातळ. बंगल्याचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा.

यूपीएस टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. या सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगतात, त्यावर दर १० अंशांना ते निम्मं होतं. एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळीस असताना कप्प्यात काय होत असेल ते बघा. मागे वीतभर जागा सोडा.

बॅटरी बदलताना माप १५१ बाय ६५ बाय ९४ मिमी, १२ व्होल्ट ७ एएच. वायर लागते ती टोकाची पात ४.८ मिमीची की ६.३ ची ते जुन्यावर मोजून घ्या. दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी राहिली की ती नवीलाही खाली ओढते. नुसत्या मीटरवर जाऊ नका, मेलेली बॅटरीही लोड नसताना १२.८ दाखवते आणि लोड आला की ११ च्या खाली कोसळते. जुनी दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे वळते होतात.

द्राक्षवेल:
खटका इकोवरच होता! दोन शंका. साध्या ११०० ला बाहेरून ४२ एएचची बॅटरी जोडली तर तासभर मिळेल असं एक मेकॅनिक म्हणतो. आणि यूपीएस इन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे त्याच्या लाइनवर, लावला तर चालेल?

गोदाकाठ:
मोठी बॅटरी अजिबात नको. या यूपीएसचा चार्जर जेमतेम एक अँपिअर देतो, ४२ एएच भरायला दोन दिवस लागतील आणि रोज लाइट गेली तर ती कधीच भरणार नाही. दुसरं, आतला ट्रान्सफॉर्मर आणि मॉसफेट दहा-वीस मिनिटांच्या हिशोबाने बनवलेले असतात. तासभर ओढले की वास येतो आणि मग बोर्ड जातो. दोन बॅटऱ्यांचं मॉडेल २४ व्होल्टचं असतं, तिथे १२ ची एक जोडून चालणारही नाही.

इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावायचा, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्ह बऱ्याच यूपीएसना मेन्स वाटतच नाही. ते टक-टक करत बॅटरीवर जात-येत राहतात आणि अर्ध्या तासात रिकामे होतात. आत्ता यूपीएस घ्या आणि त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नको, थेट मेन्सच्या सॉकेटमध्ये लावा. पुढे इन्व्हर्टर बदलाल तेव्हा बॅटरी तीच ठेवून नुसता डबा साइन वेव्हचा घ्या आणि मग यूपीएस त्या लाइनवर हलवा. १५० एएचवर १५० वॉटचा पीसी चार-पाच तास सहज चालतो, फक्त पंखे-दिवे त्यातूनच वजा करायचे.

अंबडकर:
आणि यूपीएस खोक्यातून काढायच्या आधी खोक्यावरची तारीख बघा. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर बदलून मागा, न चार्ज करता पडून राहिलेली बॅटरी पहिल्या दिवसापासूनच कमजोर असू शकते.