रविवारच्या सहलीची बस डेन्व्हरच्या कोलफॅक्स रस्त्यावर नक्की कुठे? (पत्रक आज रात्री छापायला जातंय)

सुनीता:
मंडळी, मसुद्यातलं दुसरं वाक्य आधी बदला. "१८९९ साली तंबूंत सुरू झालेलं, कुठल्याही टप्प्यातले क्षयरोगी घेणारं ज्यू हॉस्पिटल" असं डेन्व्हरमध्ये काही नव्हतं. दोन संस्था एकात मिसळल्या आहेत. नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल पूर्वेला, जॅक्सन स्ट्रीटवर, आजही चालू आहे. तंबू होते ते जेसीआरएसचे (ज्यूइश कन्झम्टिव्ज रिलीफ सोसायटी, क्षयरोग्यांसाठीची दुसरी ज्यू संस्था), पार पश्चिमेला लेकवूडमध्ये. दोन्ही कोलफॅक्सलगत. नुसतं "कोलफॅक्सवरचं ज्यू हॉस्पिटल" सांगितलं तर ड्रायव्हर पूर्वेलाच नेणार.

अविनाश:
सुनीताताई, पत्रक सहल समिती करते आणि मसुदा पंधरा दिवस सगळ्यांकडे होता. पत्ता बदलतो. पण १८९९ का काढायचं? ते तर तिथल्या दगडावर कोरलेलं असेल.

मुकुंदकाका:
अविनाश, दगड १८९२चा. पायाभरणी त्या ऑक्टोबरात झाली आणि जिने हे काम उभं केलं ती फ्रान्सिस जेकब्स पुढच्याच महिन्यात गेली. १८९३ला चांदीचा भाव कोसळला, बँका बुडाल्या, बांधलेली इमारत सहा वर्षं कुलूपबंद राहिली. शेवटी बनाय ब्रिथ या ज्यू संघटनेने भार उचलला आणि १० डिसेंबर १८९९ला दार उघडलं. तेव्हा १८९९ ठेव, पण नॅशनल ज्यूइशपुढे. जेसीआरएस १९०४चं.
आणि नॅशनल ज्यूइशच्या ब्रीदाचं "येथे उपचार मोफत" हे भाषांतर मला मान्य नाही. मूळ अर्थ असा: ज्याला पैसे देता येतात त्याला प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश आहे त्याला पैसे देता येत नाहीत. "मोफत" म्हटलं की पहिली अट गळते. ऐपतवाल्याला खाट मिळतच नसे.

माधुरी:
काका, ब्रीद एका ओळीत बसवा, पत्रकाची पाठ भरली आहे.
मुलं तंबूचं मॉडेल करताहेत, म्हणून लिहिते. चार खुंट्या आणि कापड असं करू नका. खाली लाकडी तक्तपोशी, लाकडी सांगाडा, त्यावर कॅनव्हास. हवा खेळती ठेवणं हाच उपचार होता. क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३चं, आयसोनियाझिड १९५२चं. त्यानंतर खाटा रिकाम्या होत गेल्या आणि १९५४ला जेसीआरएस कर्करोगाकडे वळलं.

अविनाश:
मॉडेल कार्डबोर्डचंच होणार, लाकूड आणायला वेळ नाही.

सुनीता:
कार्डबोर्ड चालेल, जमीन मात्र उचललेली दाखवा.
खरा मुद्दा राहिला: दुसरी संस्था लागलीच का? नॅशनल ज्यूइश सुरुवातीच्या टप्प्यातलेच रोगी घेई, कारण बरे होणारे घेतले तरच खाटा फिरत्या राहत. न्यूयॉर्कच्या शिवणकामाच्या कोंदट खोल्यांतून येणारे रोगी मात्र पुष्कळदा शेवटच्या टप्प्यात पोचत. त्यांना कोण घेणार? शिवाय नॅशनल ज्यूइशमध्ये कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, स्वयंपाकघर पुष्कळ वर्षं नव्हतं. क्षयाच्या आहारात दूध, अंडी, मांस सारखं खायला घालायचं. कोशर नियमाने दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही, मांसानंतर दुधाला काही घरांत सहा तास थांबतात. म्हणजे भांडी दोन संच, धुणं वेगळं, दुधाची वेळ मांसापासून दूर. सनातनी रोगी हे सोडण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करे. जेसीआरएसने पहिल्यापासून कोशर ठेवलं आणि कुठल्याही टप्प्यातला रोगी घेतला. डॉ. चार्ल्स स्पिवॅक त्याचे चिटणीस. वर्गणी देशभरच्या कामगारांकडून थोडीथोडी यायची.

मुकुंदकाका:
जेसीआरएसचं ब्रीद तालमुद या ज्यू धर्मग्रंथातलं, तेही घाला: एक जीव वाचवणारा जणू सारं जग वाचवतो.

अविनाश:
घातलं. आता वाक्य असं: "नॅशनल ज्यूइश, १८९९, पूर्व; जेसीआरएस, १९०४, पश्चिम, तंबू इथे." बस आधी पश्चिमेला जाईल. ब्रीदं मागच्या पानावर, काकांच्या शब्दांत. नऊपर्यंत काही राहिलं असेल तर मला फोन करा, इथे लिहू नका.