प्रति: डेन्व्हर थकून हरली?

२०२४ च्या NBA (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) प्लेऑफमधल्या मिनेसोटा-डेन्व्हर सिरीजबद्दल (सात मॅचपैकी चार जिंकणारा पुढे) 'डेन्व्हर थकली होती म्हणून हरली' असं वर म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही. मॅचअपच, म्हणजे कोणासमोर कोण पडतो तेच, तसा होता हो! डेन्व्हरचा मुख्य खेळाडू योकिच, त्याच्यावर मिनेसोटाच्या उंच गोबेअरला लावायचं असंच सगळ्यांना वाटतं, पण वुल्व्ज (म्हणजे मिनेसोटाच) बऱ्याचदा त्यांचा दुसरा उंच खेळाडू टाऊन्सला योकिचच्या अंगावर सोडायचे आणि गोबेअर मागे बास्केटजवळ मोकळा, म्हणजे योकिच टाऊन्सला ढकलत आत आला की वळताना समोर परत एक सात फुटी माणूस हात वर करून उभाच. वुल्व्जचा हा रोस्टर (खेळाडूंचा संच) जमवणारा टिम कॉनेली आधी डेन्व्हरचाच, योकिचला ड्राफ्ट (नवीन खेळाडूंची निवड) मध्ये त्यानेच घेतलेलं, योकिचला कोण अडवू शकतो हे कॉनेलीइतकं कोणाला माहीत असणार?

आणि थकवा म्हणाल तर सहावी मॅच ४५ पॉइंटनी हरून हीच डेन्व्हर सातव्या, शेवटच्या मॅचमध्ये २० नी पुढे होती की. ती मॅच आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला होती, मुंबईत त्या दिवशी मतदान म्हणून सुट्टी, मी मतदानाला निघायच्या आधी पूर्ण बघितली. डेन्व्हरकडून योकिचचे ३४ पॉइंट, मरीचे ३५, बाकी कोणी उभंच राहिलं नाही, आणि तिकडे वुल्व्जच्या मॅकडॅनियल्सने डिफेन्स करता करता २३ टाकले! वुल्व्ज ९८-९० ने जिंकले. पुढच्या सिरीजमध्ये डॅलसने वुल्व्जना ४-१ धुतलं ते खरं, पण डॅलसचे डाँचिच आणि कायरी बाहेरून ड्रिबल करत येणारे, तिथे उंचीचा तेवढा उपयोग नाही. मॅचअप बदलला की सगळंच बदलतं.