नवी गाडी, पण मागच्या डाव्या दाराचा रंग वेगळा दिसतोय. शोरूमला रबिंग (मशीननं घासून पॉलिश) करू द्यावं का?

कळंबेकर_क्वालिटी

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी घेतली. गडद निळा मेटॅलिक. सगळं धरून १३.५ लाखांच्या घरात गेली.

थोडं स्वतःबद्दल, म्हणजे पुढचं वाचताना हसायला सोपं जाईल. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची आणि लाल टॅग लावायचा, याचाच पगार मिळतो. घरी आल्यावर हे बटन बंद होत नाही, अशी बायकोची जुनी तक्रार.

दसऱ्याच्या दिवशी शोरूमात उभं राहायला जागा नव्हती. हार, पेढे, फोटो, मागं पुढच्या गिऱ्हाईकाची गाडी तयार. चावी हातात आली तेव्हा दिवे लागले होते. अंबाबाईला नारळ फोडून घरी आलो. सकाळी घरासमोर तिरकं ऊन पडलं आणि मग एकेक दिसायला लागलं.

बॉनेटवर क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, आत दाणे आहेत. मोहरीपेक्षा बारीक, पण बोटाला लागतात, पुसून जात नाहीत. टपावर उन्हात गोल गोल चऱ्यांची जाळी दिसते. पुढचा बंपर मडगार्डपेक्षा किंचित फिका. हे सगळं मी एकवेळ गिळलं असतं. मागचं डावं दार मात्र झोपू देईना. घरासमोरच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब पुढच्या दारात सरळ पडतं, मागच्या दारात तीच तार थरथरते. संत्र्याची साल म्हणतात तसा पोत, शेजारच्या दारापेक्षा बराच जाड. दाराच्या कडेचं रबर जरा सरकवलं तर आत रंगाची बारीक पायरी आहे, नख अडकतं.

शोरूमचे साहेब म्हणाले, "सगळ्याच गाड्यांना असतंय. घेऊन या, फुल बॉडी रबिंग मारून देतो, वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे चकाकी राखणारा थर, आमच्याकडून फ्री." वडील म्हणाले, "इंजिन चालतंय न्हवं? मग झालं." बायकोनं विचारलं की गाडी चालवायची आहे का भिंगातून बघायची आहे.

माझे प्रश्न दोनच. रबिंग करू द्यावं का? आणि हे दार आधी कुणीतरी रंगवलंय का, हे घरबसल्या कसं कळेल?

---

तांबडा_पांढरा

भावा, तुझ्या कंपनीतल्या पोरांची दया आली. 😄

चेष्टा सोड. माझ्या पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके आलेत, सगळ्या अंगावर, टाचणीच्या टोकाएवढे. गाडी रोज शिरोलीला कंपनीच्या बाहेर उभी असते. हे पण क्लिअर कोटचंच लफडं काय?

---

उद्यमनगरचा_पेंटर

कळंबेकर दादा, कुणालाच रबिंग मारू देऊ नका. फुकट म्हणाल्यात म्हणून तर अजिबातच न्हाई.

मी उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंग करतो, वडलांपासनं हाच धंदा. नीट सांगतो, जरा लांबंल.

कारखान्यात बॉडी आख्खी टाकीत बुडवत्यात आन करंट सोडून पहिला थर चढवत्यात, २० मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गंज अडवायचं खरं काम त्याचं. त्यावर सरफेसर, म्हंजे रंगाखालचा सपाटीचा थर. त्यावर रंग, मेटॅलिकचा म्हंजे १५ मायक्रॉन धरा, लय पातळ. सगळ्यात वर क्लिअर, ४० च्या आगंमागं. सगळं मिळून १०० ते १४०, काही गाड्यांना त्याहून बी कमी. आन हा क्लिअर भट्टीत १४० डिग्रीला भाजलेला असतो. माझ्या बूथला मी ६० वर न्हेतो, कारण माझ्याकडं गाडी येती तवा तिच्यात वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं बसलेलं असतंय. भट्टीतली वीट आन उन्हात वाळवलेली वीट, असा हिशोब. माझ्याच पोटावर पाय देत न्हाई मी. रंग कडक करायचं चांगलं हार्डनर घालून, धूळ सांभाळून मारलेला रंग बी वर्षानुवर्षं टिकतो. पण कारखान्याचा तो कारखान्याचा.

आता रबिंग. रबिंग म्हंजे त्या ४० मधलंच खरवडणं. हलकं पॉलिश मारलं तर एक-दोन मायक्रॉन जातंय. दाणा काढायचा म्हंजे २००० चा वॉटर पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश, तिथं ५ ते १० सहज गेलं. ऊन अडवायचं रसायन बी त्याच क्लिअरमध्ये असतंय. नव्या गाडीचा वरचा ८-१० मायक्रॉन पयल्याच महिन्यात घालवला तर पुढं टपाचा आन बॉनेटचा क्लिअर पांढरट पडून पापुद्रे सुटायची भीती. आन शोरूमला हे काम कोण करतंय? दिवसाला किती गाड्या उरकायच्या ते ठरलेलं, एकच लोकरी पॅड, खालचा क्लिअर किती उरलाय हे मोजायला येळ कुणाला. वर उन्हात इंद्रधनुष्यावाणी पट्टे दिसत्यात ते वेगळंच.

त्यामुळं बॉनेटचे दाणे तसंच सोडा. रंग वला असताना धूळ बसती, प्रत्येक कारखान्यात बसती. तिथं बी शेवटाला ट्यूबलाईटच्या बोगद्यात गाडी उभी करून दाणे बघत्यात आन मोठे तेवढे घासून काढत्यात. तुमचे राहिले. लयच डोळ्यात खुपला एखादा तर तेवढाच घासून घ्या, आख्खं बॉनेट न्हाई.

टपावरची जाळी कारखान्यातली न्हाई. मळक्या फडक्यानं पुसल्याची हाय. दसऱ्याच्या दिवशी एका बादलीत, एका फडक्यानं लायनीतल्या सगळ्या गाड्या पुसल्यात. ते हलक्या पॉलिशनं जाईल, गडबड न्हाई.

बंपर फिका हाय ते सोडून द्या. तो प्लास्टिकचा, वेगळा रंगवत्यात, कमी उष्णतेला भाजत्यात. मेटॅलिकमधला चंदेरी चुरा पत्र्यावर आन प्लास्टिकवर जरा वेगळा निजतो, बाजूनं बघितलं की छटा बदलती. आम्ही ह्यावर भांडत न्हाई.

आता दार. खरी गोम तिथंच. कारखान्यात बॉडीला दारं लावूनच रंग होतो आन रबर नंतर बसतंय. मग रबराखाली रंगाची पायरी आली कुठनं? पायरी म्हंजे मास्किंग टेपची कड, रंग मारताना रबर झाकायला चिकटवत्यात ती. ते दार रबर असताना रंगवलंय. गाड्या बांधून तयार झाल्यावर कारखान्यातच लागलं असंल, ट्रेलरवर लागलं असंल, न्हाईतर यार्डात. कुठं झालं ते मी सांगू शकत न्हाई, रंगवलंय एवढं सांगतो.

रंगाची जाडी मोजायचं गेज तुमच्याच एमआयडीसीत पावडर कोटिंगवाल्याकडं मिळंल. पत्र्यावर चालतंय, प्लास्टिकवर न्हाई. दोन्ही बाजूची दारं मोजा, दाराच्या वर-मध्ये-खाली मोजा, आन आकडे हितं टाका.

सिरॅमिकचं बी ऐका. तो थर एक-दोन मायक्रॉनचा, खाली जे हाय ते तसंच ऱ्हातंय. आन लावायच्या आधी पॉलिश मारावंच लागतंय, म्हंजे रबिंग मागच्या दारानं आलंच.

---

शाहूपुरीची_ताई

पेंटरदादा बरोबर सांगतात, पण एक विचारू? दार पुन्हा रंगवलेलं असलं म्हणून बिघडलं काय? माझ्या गाडीचं पुढचं दार भाजी मंडईसमोर हातगाड्यानं घासलं होतं, बाहेर रंगवून घेतलं, इतकी वर्षं झाली, अजून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी ही वापरायची वस्तू आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही.

फक्त विकताना त्रास होतो हे खरं. आता जुन्या गाड्या घेणारे पण ते मोजायचं यंत्र खिशात घालून येतात. आकडा जास्त दिसला की "ॲक्सिडेंटची गाडी" म्हणून भाव पाडायला सुरुवात. त्यामुळे दार आधीच रंगवलेलं होतं हे शोरूमकडून कागदावर घ्या. नाहीतर उद्या तो डाग तुमच्या नावावर.

---

काळा_कोट

ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला जोडून.

रबिंगसाठी गाडी देऊ नका याचं माझं कारण वेगळं आहे: गाडी दिली की पुरावा गेला. आधी दिवसाउजेडी फोटो, रबराखालच्या पायरीचा व्हिडिओ, गेजचे आकडे. मग डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये तक्रार. फोनवर कितीही गोड बोलले तरी उत्तर लेखी मागा. डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद मागा, आणि वाहतुकीत किंवा यार्डात या चासी नंबरच्या गाडीला काही दुरुस्ती झाली का, असा थेट प्रश्न विचारा. या प्रश्नाला "नाही" असं लेखी उत्तर द्यायला माणूस कचरतो.

दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे डीलर किंवा कंपनी बाहेरची असली तरी कोल्हापुरातच. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे, तुमच्या रकमेला शुल्क ४०० रुपये, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

मात्र रंगासाठी गाडी बदलून मिळेल या आशेवर जाऊ नका. पासिंग झालेली, चाललेली गाडी परत घ्यायला लावणं अवघड असतं. इंजिन-गिअरबॉक्सचा मूळ दोष असेल तर गोष्ट निराळी. दाण्यांवर आणि संत्र्याच्या सालीवर तर वेळ घालवूच नका, ते "सर्वसाधारण दर्जा" म्हणून निसटतात. तुमचं बळ एकाच मुद्द्यात आहे: रंगवलेली गाडी न सांगता नवी म्हणून विकली. ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीत तेवढंच ठळक ठेवा.

---

कळंबेकर_क्वालिटी

मंडळी, आकडे आणलेत. शेजारच्या कंपनीतून गेज मागून आणलं आणि आधी शून्याला आणि ठराविक जाडीच्या फॉईलवर तपासून घेतलं (सवय).

सगळे आकडे मायक्रॉनमध्ये. टप १०४ ते १११. बॉनेट १०८ ते ११६. उजवी दोन्ही दारं ११० ते १२०. डावं पुढचं ११२ ते ११८. डावं मागचं: वर २३०, मध्ये २४५ ते २६०, खालच्या कडेला ३१०. त्याच्या मागचा पत्रा दाराजवळ १७०, डिक्कीकडे जाता जाता ११५.

आकडे वडिलांना दाखवले. "इंजिन चालतंय न्हवं" बंद झालं. आता तेच शोरूमला जायला निघालेत, त्यांना थोपवून धरलंय.

ईमेल गेली. शोरूमचा फोन आला की दार पुन्हा नवं रंगवून देतो, अगदी मूळ रंगासारखं. घेऊ का?

---

उद्यमनगरचा_पेंटर

न्हाई. पुन्हा रंगवायचं म्हंजे एकतर सगळं पत्र्यापर्यंत उतरवायचं, मग कारखान्याचा तो पहिला थर बी गेला, न्हाईतर ३१० वर आणखी १०० चढवायचे. जाड रंग लवकर तडकतो. दोन्हीत तोटा तुमचाच.

आकडे चांगले हाईत, घाबरू नका. पत्रा ठोकून भरपूर पुट्टी भरली असती तर ५००-हजार दावलं असतं. हितं कारखान्याच्या रंगावर नुसता रंग आन क्लिअर दिसतोय. खालच्या कडेला चरा आसंल, तिथं सरफेसर जरा जास्त मारलाय. मागच्या पत्र्यावर १७० चं ११५ होत गेलंय, म्हंजे शेड जुळवायला रंग तिकडं पातळ करत न्हेलाय. ज्यानं केलंय त्याला काम येतंय, घाई नडली. पोत जाड राहिला तो क्लिअर घट्ट मारल्यानं.

त्या दाराला क्लिअर भरपूर हाय, तिथं पोत घासून सपाट करता येतो. पण तुमचं कागदपत्र मिटल्यावर, तवर हात लावू नका.

आन ज्योतिबाला गाडी न्हेणार असाल तर गुलाल पडला की कोरडा पुसू नका, फडक्याखाली बारीक कण सापडला की चरा उठतोय. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, मग शांपू. दर चैत्र यात्रेनंतर माझ्याकडं ह्याच्याच गाड्या येतात.

---

काळा_कोट

मागणी अशी ठेवा: दार रंगवल्याची लेखी कबुली, दाराच्या आणि मागच्या पत्र्याच्या रंगावर व गंजावर वाढीव वॉरंटी, आणि पुनर्विक्रीत पडणाऱ्या भावाची रोख भरपाई. सिरॅमिक कोटिंग, मॅट, सुगंधी डबी यातलं काही भरपाई म्हणून घेऊ नका, आणि "तक्रार पूर्ण निवारण झाली" अशा जॉब कार्डवर सही करू नका.

---

कळंबेकर_क्वालिटी

तिन्ही मागण्या लिहून पाठवल्या. मॅट आधीच देऊ करून झालेत.

---

तांबडा_पांढरा

अहो, माझे ठिपके राहिले की!

---

उद्यमनगरचा_पेंटर

राहिले न्हाईत. गाडी धुवून घ्या, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आन बॉनेटवरनं हळू फिरवा. खरखर लागली तर ते वरनं चिकटलंय, क्लिअरच्या आतलं न्हाई. शिरोलीत फौंड्र्या किती, ग्राइंडिंगचं लोखंडी चूर हवेतनं येतंय, पत्र्यावर बसतंय आन तिथंच गंजतंय. लोखंड काढायचं लिक्विड मिळतंय, मारलं की जांभळं होऊन वघळतंय. सावलीत, थंड पत्र्यावर मारा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं काढा. उरलंसुरलं क्ले बारनं, म्हंजे गाडी साफ करायच्या चिकणमातीवाणी वडीनं. नखानं खरवडलं तर मात्र गाडी माझ्याकडंच यील.