बंद गिरणीचं संग्रहालय: पावसाळ्याआधी काय उरकावं?

सरकी
नगरपालिकेकडे बंद पडलेली कापडगिरणी आहे. विणाईची शेड एकमजली, छप्पर नॉर्थ लाइटचं (करवतीच्या दातांसारखं, उत्तरेच्या बाजूला काच), बाकी जुने सिमेंटचे पत्रे. शेजारचं कताईखातं दुमजली, गर्डरांमध्ये विटांच्या कमानी. आराखड्यात शेडमध्ये दहा साचे (माग) चालते ठेवायचे आणि त्याच दालनात जुनी लुगडी मांडायची आहेत. कताईखात्याच्या वरच्या मजल्यावर कॅफे. जमेल का?

चुनाविटा
आधी छपराच्या पन्हळी बघा. दोन दातांमधली पन्हळ पाल्याने तुंबली की पाणी काचेच्या बाजूने आत उतरतं. बिडाचे खांब पोकळ असतील तर बहुधा तेच पागोळीचे नळ आहेत. पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि खाली गटारात निघतं का पाहा. निघालं नाही तर खांब तुंबलाय आणि आतून गंजत असू शकतो. त्याला मधेच भोक पाडू नका, वेल्डिंग तर नकोच, बीड तडकतं. पाणी बाहेरच्या नवीन नळाने काढा.

पत्रे ॲस्बेस्टॉसचे धरूनच चाला. ओले करून, न फोडता, जाणत्या माणसांकडून उतरवून घ्या. भिंत चुन्यातली असेल तर सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

गर्डर_२२
कॅफेचं कोडं वजनाचं आहे. पक्क्या खुर्च्या नसलेल्या गर्दीच्या जागेला आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला 5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 500 किलो भार धरतात. मजल्याने यंत्रं पेलली म्हणून तो माणसंही पेलेल असं गृहीत धरू नका, गर्डर मधल्या काळात गंजलेत. खालून बघा: गर्डरांना एकमेकांशी बांधणाऱ्या सळ्या दिसतील. एसीवाले डक्ट घालताना नेमक्या याच कापतात. मग शेवटच्या गाळ्यातली कमान गर्डरला बाहेर रेटते आणि कमानीच्या माथ्यावर लांब चीर पडते. कंत्राटात ‘सळ्यांना हात लावायचा नाही’ असं स्पष्ट लिहा.

धोटा
साचे आणि लुगडी एका दालनात? अजिबात नको. सुती ताणा (मागावरचे उभे धागे) तुटू नये म्हणून हवेत 75-80 टक्के दमटपणा लागतो, जुन्या कापडाला 50-55 बरा. शिवाय कापडावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर प्रकाश नको, आणि नॉर्थ लाइटखाली भर दुपारी तो त्याच्या कितीतरी पट असतो. लुगडी कापसाच्या बिनखिडकीच्या गोदामात न्या.

दहाही साचे एकदम चालवू नका. अमेरिकेत लॉवेलच्या बूट कॉटन मिल्स संग्रहालयात 88 मागांची खोली आहे, तिथेही थोडेच चालतात आणि लोकांना कानात घालायला बोळे मिळतात. धोटा (आडवा धागा नेणारी लाकडी नळी) उडतो, म्हणून साच्याला जाळी आणि प्रेक्षकांपुढे पॉलिकार्बोनेटचा पडदा हवाच. पिकर आणि पिकिंग स्टिक (धोट्याला ठोसा देणारे भाग), चामडी पट्टे आत्ताच भंगारवाल्यांकडून गोळा करा, पुढे मिळणार नाहीत. आणि हो, जमिनीच्या फळ्यांच्या फटीत तेलात मुरलेला कापूस असतो. वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी तो व्हॅक्युमने ओढून काढा.