मदत हवी आहे: शॉप फ्लोअरवरचा पसारा आवरायला कोणते रॅक घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं मशीन शॉप आहे. लेथ, मिलिंग, एक पॉवर प्रेस आणि कडेला असेंब्ली. मशीनं मोजकीच, पण चालायला वाट नाही. प्रेसच्या डाय (पत्र्याला आकार देणारे जड साचे) एकावर एक रचलेल्या, त्यामुळे खालची डाय हवी असली की आधी वरच्या उतरवा. अर्धवट जॉबचे क्रेट गँगवेत. सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भिंतीला टेकवलेल्या बारांची. ५० मिमीचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) गोल बार मीटरला साधारण १५.४ किलो भरतो (व्यासाचा वर्ग भागिले १६२), म्हणजे ६ मीटरचा एक नग ९२ किलोच्या वर. तो घसरला तर शेजारी काम करणाऱ्याची खैर नाही.

रॅक घ्यायला मालक तयार आहेत. पुरवठादार म्हणतो, सगळीकडे एकाच मापाचे स्लॉटेड अँगलचे (भोकं असलेले लोखंडी अँगल बोल्टनं जोडून केलेले) रॅक लावा. मला हे पटत नाही. शिवाय आमच्या जुन्या कपाटात काय काय आहे ते कुणालाच माहीत नाही आणि फेकायलाही कुणी धजत नाही. नवे रॅकही तसेच भरले तर काय उपयोग?

बारांना कोणता रॅक लावावा? डाय कशा ठेवाव्यात? अर्धवट जॉबनाही रॅक द्यावा का? काम चालू ठेवून ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
बारांना कॅन्टिलिव्हर रॅक, म्हणजे मागच्या खांबांतून पुढे आडवे हात निघालेला. पुढच्या बाजूला खांब नसल्यामुळे अख्खा बार क्रेननं सरळ उचलता येतो. जड बार खाली, हातांच्या टोकाला स्टॉपर, आणि बार मध्ये झोल खाणार नाही इतके जवळ हात. ग्रेडप्रमाणे एका टोकाला रंग द्या आणि कापायला नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून घ्या, म्हणजे उरलेल्या तुकड्यावरही ओळख राहते. हे एवढं पाळलं तरी एमएस आणि ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) यांची सरमिसळ थांबते. किती लांबीच्या खालचा तुकडा भंगारात जाणार, तेही ठरवून रॅकवरच लिहा.

प्रतिसाद २
डायना स्लॉटेड अँगल नकोच. कप्प्याची क्षमता सांगतात ती समान पसरलेल्या वजनासाठी असते. डायचं सगळं वजन मधोमध येतं आणि पत्रा वाकतो. बाहेर सरकणाऱ्या ट्रेचा डाय रॅक घ्या, वर चेन पुली. एका वेळी एकच ट्रे उघडेल असं लॉक हवंच, नाहीतर दोन जड ट्रे बाहेर आले की रॅक पुढे कलंडू शकतो. रॅक जमिनीला अँकर बोल्टनं बांधा. रोजच्या डाय ट्रॉलीच्या उंचीला ठेवा, क्वचित लागणाऱ्या हलक्या डाय वर.

प्रतिसाद ३
अर्धवट जॉबला रॅक देऊ नका, दिला की तो भरतोच. दोन मशीनांमध्ये पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन आखा, त्यात मावतील तेवढेच क्रेट. चौकोन भरला की आधीच्या मशीनवर तो जॉब थांबवायचा.
कपाटाचं म्हणाल तर ५एसमध्ये (कामाची जागा नीट लावायची जपानी पद्धत) सेइरी, म्हणजे नको ते काढणं, आधी येतं आणि मांडणी नंतर. शंका असलेल्या वस्तूला तारीख घालून लाल टॅग लावा. ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही तर ती फ्लोअरवरून हलवा. रॅकची ऑर्डर त्यानंतर द्या, संख्या नक्की कमी होईल.

धागाकर्ता
मनापासून आभार. ऑर्डर तूर्त थांबवतो, टॅग उद्यापासूनच लावतो. एक अडचण आहे: डायवर वजनच लिहिलेलं नाही, मग ट्रेची क्षमता कशी सांगू?

प्रतिसाद २
बंद डायची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणाकाराला ७.८५ नं गुणून १००० नं भागा. ४० × ३० × २५ ची डाय साधारण २३५ किलो येईल. आतल्या पोकळीमुळे खरं वजन कमीच भरेल, पण रॅक मागवताना हाच आकडा द्या. आणि तो डायवर ऑइल पेंटनं लिहून टाका.