शनिवारवाड्यासमोरचा जुना फोटो त्याच जागी पुन्हा काढायचाय, मदत हवी

गव्हाचीखीर

नमस्कार मंडळी. २८ डिसेंबरला बाबांना ८० पूर्ण होतायत. दादा टोरांटोहून तीन आठवड्यांसाठी येतोय आणि त्याने व्हॉट्सअॅपवर फर्मान काढलंय की घरातला एक जुना फोटो त्याच जागी, त्याच पोझमध्ये पुन्हा काढायचा. फर्मान त्याचं, धावपळ माझी. पंचावन्न वर्षांचा होत आला तरी ही वाटणी काही बदललेली नाही.

फोटो चौकोनी, कृष्णधवल, कडा कातरलेल्या. मागे आजीच्या अक्षरात "शनवारवाडा, मे ७५". आजोबा टोपी घालून ताठ, आजी नऊवारीत, बाबा बेलबॉटममध्ये (आई आजारी होती, ती नव्हती), नुकतं लग्न झालेली आत्या, आणि पुढे मांडी घालून बसलेला तीन वर्षांचा दादा, भोकाड पसरायच्या बेतात. मी अजून जन्मायची होते. आजोबांच्या पायाशी एक अख्खं कलिंगड आहे. का, ते कोणालाच माहीत नाही. मागे मोठा लाकडी दरवाजा, त्यावर लोखंडी फुलं.

प्रश्न असे:
दिल्ली दरवाजासमोर नेमकं कुठे उभं राहायचं, हे कसं शोधायचं?
फोनने काढला तर तसाच येईल का?
आजोबा, आजी आणि आत्या आता नाहीत. त्यांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात की आम्ही उभं राहावं? दादा म्हणतो मोकळ्या सोडू. मला ते शाळेच्या ग्रुप फोटोत गैरहजर मुलांची नावं लिहितात तसं वाटतं.

फोकसपोकस

गोड कल्पना. ३४ वर्षं लग्नांचे फोटो काढलेत, तेव्हा थोडं आगाऊपणाने सांगतो.

जागा शोधायला फोटोतली एक जवळची आणि एक लांबची वस्तू पकडा. समजा पायरीचा कोपरा दरवाजाच्या तिसऱ्या फुलाखाली येतोय. आज उभं राहून तो तसाच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग तशीच दुसरी जोडी बघा. दोन्ही एकदम जुळल्या की तुम्ही त्या जुन्या फोटोग्राफरच्या चपलांत उभ्या आहात. चुकीच्या जागी उभं राहिलात तर झूमने ती चूक भरून निघत नाही, कारण पुढच्या-मागच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. फोनचा नेहमीचा कॅमेरा जास्त रुंद बघतो, तेव्हा फोटो नंतर चौकोनी कापा. कॅमेऱ्याची उंचीही बघा.

चौकोनी फोटो म्हणजे बहुधा १२० नंबरचा फिल्म रोल, एका रोलवर १२ फोटो. आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता का? आणि कॅमेऱ्याची तिवई नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या जागेत तिला परवानगी लागते, वॉचमन आधी तिच्याकडेच बघतो.

एक विचारतो. फोटोत खालच्या बाजूला काढणाऱ्याची सावली आलीय का? त्या काळी सगळ्यांना एकच मंत्र दिलेला असायचा, सूर्य पाठीशी ठेवा. त्यामुळे निम्म्या अल्बमांत फोटोग्राफर सावलीच्या रूपाने हजर असतो.

गव्हाचीखीर

हो!! क्लिक थ्रीच. आणि सावली आहे. दोन्ही कोपरं बाहेर काढलेला माणूस, खालून सरळ वर येत डोकं थेट आजीच्या लुगड्याच्या काठाला टेकलंय. आम्ही लहानपणी तिला "भूत" म्हणायचो. ते माझे काका. म्हणजे ते फोटोत आहेत असं धरलं, तर माणसं पाच नाही, सहा.

तुळशीबागवाला

बेलबॉटम जुन्या बाजारात बघा. कलिंगड डिसेंबरात मिळेल, पण दर विचारू नका. रविवारी अकराला गेलात तर तुमच्या फोटोत तीनशे अनोळखी लोक येतील, तेव्हा आठला वाडा उघडायच्या वेळीच बाहेर हजर राहा. मोकळ्या जागांचं म्हणाल तर आजोबांच्या जागी बाबांना उभं करा. माझ्या आजोळी तसं केलं, मामा टोपी घालून हुबेहूब आजोबा दिसला आणि मामी हसून हसून खाली बसली.

अयनांश

मी फोटोग्राफर नाही, दुर्बीण घेऊन गच्चीवर बसणाऱ्यांतला आहे. पण त्या भुतामुळे झोप गेली.

दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे, नावातच दिल्ली. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढणारा दक्षिणेकडे बघत असणार. त्याची सावली सरळ समोर आणि एवढी लांब पडायची, तर सूर्य त्याच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला आणि खाली हवा. पुण्यात असं होत नाही. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सकाळी आठला तो पूर्वेला, जेमतेम उत्तरेकडे झुकलेला असतो, सावली पडेल पश्चिमेला, फोटोत उजव्या हाताला. संध्याकाळी उलट, डाव्या हाताला. डिसेंबरात तर सूर्य दिवसभर दक्षिणेला, सावली फोटोग्राफरच्या मागे.

म्हणजे सावली खरी असेल तर दरवाजा तो नाही. अजून एक बघा. दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीने डोक्याने धडक देऊ नये म्हणून आहेत. वीतभर लांब, अणकुचीदार, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, एकेका फळीवर ७२. तुमची "लोखंडी फुलं" किती उंचीवर आहेत?

गव्हाचीखीर

बाबांच्या खांद्याशी. चपटी आहेत. टोक वगैरे काही नाही.

भिंग घेऊन बसलेय आणि चिडचिड होतेय. शंभर वेळा पाहिलेला फोटो! बाबांना विचारलं तर म्हणाले, "शनिवारवाडाच. मागे लिहिलंय की." मी म्हटलं, तुम्ही स्वतः तिथे उभे आहात, तुम्हाला काय आठवतं? तर पुन्हा, "अगं, आईने लिहिलंय." म्हणजे बाबांना तो दिवस आठवत नाहीये, फोटोची मागची बाजू आठवतेय.

तुळशीबागवाला

आमच्याकडे माझ्या मुंजीच्या फोटोमागे भावाचं नाव आहे. आता खुद्द आईलाही वाटतं त्याचीच.

फोकसपोकस

निगेटिव्ह शोधा. १२० च्या निगेटिव्ह स्टुडिओवाले तीन-तीन, चार-चारच्या पट्ट्यांत कापून द्यायचे. शेजारच्या चौकटीत कदाचित लांबून काढलेला फोटो असेल. निगेटिव्ह सहसा कॅमेरावाल्याकडेच राहतात. काका आहेत ना?

गव्हाचीखीर

आहेत. मिरजेला. आमच्या राहत्या वाड्याचं रिडेव्हलपमेंट झालं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, आमचं बोलणं नाही. कोणाचं किती चुकलं ते इथे लिहीत नाही, इथे वकील बरेच आहेत.

बघते.

गव्हाचीखीर

केला फोन. काल संध्याकाळी, चहा घेऊन, मग चहा गार करून.

मी नाव सांगितलं. ते "हं" म्हणाले. काय बोलावं सुचेना म्हणून मी सरळ म्हटलं, काका, शनिवारवाड्याच्या फोटोत तुमची सावली समोर कशी पडली? पाच सेकंद काही नाही. मग म्हणाले, "कुठला शनवारवाडा? कलिंगडवाला का? तो शनवारवाडा नव्हे."

झालं होतं असं. रोलवरचे पहिले चार फोटो शनिवारवाड्याचे. मग कॅमेरा तसाच घेऊन सगळे आत्याच्या सासरी गेले, उरलेले आठ तिथे काढले. स्टुडिओवाल्याने पाकिटावर "शनवारवाडा" लिहिलं, कारण काकांनी रोल देताना तेवढंच सांगितलं होतं. आजीने ते पाकीट बघून बाराही फोटोंमागे एकच ओळ उतरवली. आजीचं काम व्यवस्थित असायचं.

आत्याचं सासर म्हणजे भीमेकाठी, पळसदेवजवळ. फोटोतला दरवाजा त्यांच्या गढीचा. धरणाचं पाणी येणार, गाव उठणार हे ठरलेलं होतं, म्हणून आजोबा म्हणाले होते की मुलीचं घर एकदा बघून येऊ. मी एवढी मोठी झाले पण आत्याच्या तोंडून "आमची गढी" कधी ऐकलं नाही. तिचं घर म्हणजे इंदापुरातलं, गच्चीवर पापड वाळत असलेलं, एवढंच माहीत.

रात्री काकांनी निगेटिव्हचा फोटो पाठवला. डालड्याच्या डब्यात ठेवल्या होत्या म्हणे. बायकोच्या फोनवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर पट्टी धरली आणि आपल्या फोनने काढला. मी रंग उलटे करून पाहिला. शेजारच्या चौकटीत नदीची वाळू, वेल आणि लांबवर एक देवळाचं शिखर.

भीमाथडी

ताई, भिगवणच्या अलीकडे शेती आहे आमची. तुम्ही सांगताय ते शिखर पळसनाथाचं असणार. देऊळ एरवी उजनीच्या पाण्यात असतं. पाणी फार खाली गेलं, इकडच्या भाषेत धरण "मायनसमध्ये" गेलं, की उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात पडलं होतं, गाड्या भरभरून लोक आले, रील करून गेले. आमचे वडील आले नाहीत. म्हणाले, मी ते कोरडं पाहिलंय, गाळातलं कशाला बघू.

कलिंगडाचं कोडं सोपं आहे. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत वेल लावायचे. पाहुणा आला की एक हातात द्यायचे.

गढीचं मात्र वाईट सांगतो. इकडच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या. पाण्यात दोन-चार वर्षांत विरघळतात. दगडी जोतं राहतं, तेही गाळाखाली. उघडं पडलं तरी तुम्हाला ओळखू येणार नाही. आणि डिसेंबरात धरण भरलेलं असतं, तेव्हा तिथे फक्त पाणी. फार तर होडी मिळेल.

पण एक आहे. गाव उठताना लोकांनी लाकूड सोडलं नाही. तुळया, खण, चौकटी, दारं, सगळं बैलगाडीत घालून नवीन गावठाणात आणलं. आमच्या गोठ्याचं दार जुन्या घराच्या माजघराचं आहे. आत्यांच्या सासरकडच्यांना विचारा, फुलांचा दरवाजा कुठे तरी असणार. एवढं मोठं लाकूड कोणी पाण्याला देत नाही.

अयनांश

पूर्वाभिमुख गढी असेल तर सावली बरोबर बसते! काकांची उंची साडेपाच फूट आणि सावली चार मीटर धरली तर सूर्य २३ अंशांवर. मेच्या मध्यावर भिगवणच्या बाजूला ही वेळ येते सकाळी पावणेआठच्या आसपास. काकांना विचाराल का, सकाळी काढला होता का?

२८ डिसेंबरला तेवढीच लांब सावली हवी असेल तर नऊच्या सुमारास. पण तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. सावली सरळ दाराकडे पडायला हवी असेल तर दाराचं तोंड आग्नेयेकडे वळवून ठेवावं लागेल. दरवाजा सुटा असेल तर ते जमेल.

गव्हाचीखीर

काकांना विचारलं. "न्याहारीच्या आधी. तुझ्या दादाला भूक लागली होती, म्हणून तो रडतोय." पन्नास वर्षांनी दादाची बाजू कोणीतरी घेतली.

आत्याचे पुतणे सापडले. दरवाजा आहे. एका फळीचा, दुसरी कधीच मोडली. सध्या कडबा ठेवतात त्या शेडला टेकवून उभा आहे, वरच्या दोन रांगांतली फुलं कोणीतरी उपटलीयत. वळवून ठेवायला सहा माणसं लागतील म्हणाले, आणि लगेच, "आहेत सहा माणसं."

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "आत शिरल्यावर डाव्या हाताला आड होता. वाकून बघताना माझं पेन पडलं त्यात." पेन कुठलं, रंग कुठला, तेही सांगितलं. शनिवारवाड्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. जेवताना पुन्हा एकदा म्हणाले, "हिरवं होतं."

मोकळ्या जागांचं ठरलं. आजीच्या जागी मी उभी राहणार, कारण सावलीचं डोकं टेकायला लुगड्याचा काठ हवा. आजोबांची जागा बाबांची. आत्याच्या जागी तिची सून. बाबांच्या जागी बेलबॉटम घालून माझा मुलगा, तयार झालाय, अटी घालून. दादा मांडी घालून पुढे. गुडघ्याचं त्याचं तो बघेल.

सावलीला माणूस कोण, हे विचारायला काल पुन्हा फोन केला. मी म्हटलं, काका, फोन देते, तुम्ही काढा. म्हणाले फोनचं तुमचं तुम्ही बघा, क्लिक थ्री अजून चालतो, शटर ऐकवलं त्यांनी मला, खट्ट. फक्त रोल नाहीये. पुण्यात असलास तर घेऊन ये म्हणाले. "असलास", लहानपणी मला असंच म्हणायचे.

तर फोकसपोकस, आता नवीन प्रश्न. १२० चा कृष्णधवल रोल पुण्यात नक्की कोणत्या दुकानात मिळेल, आणि एक घेऊ की दोन?